मळवलीची लक्ष्मी



आमच्या सासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान या दिवाळीनंतर बंद झालं. मुलं आपापल्या नोकऱ्यांत, आमचं वय झालेलं, त्यामुळे कधीतरी हे होणारच होतं. वजनकाटे, पत्र्याचे डबे, जुन्या वह्या यांची वाटणी एका दुपारी झाली. अडलं ते एका तसबिरीपाशी. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवरची लक्ष्मी. कमळावर उभी, चार हात, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती. साडीच्या काठावर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत. ते काम आमच्या आजेसासूबाईंनी स्वतःच्या हाताने केलेलं.

जाऊबाईंना ती हवी होती, कारण लग्न होऊन आल्यावर पहिलं कुंकू त्यांनी तिच्यापुढे लावलं. मलाही हवी होती, कारण पंचवीस वर्षं दुकानाचे हिशेब मी तिच्याच नजरेखाली लिहिले. पुतण्याने जुन्या वस्तू घेणाऱ्या एका दुकानदाराला फोटो पाठवला आणि त्याने बरी रक्कम सांगितली. म्हणजे आता तीन पर्याय झाले: माझं घर, त्यांचं घर, नाहीतर विकून पैसे निम्मे निम्मे. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी मोजकंच बोललो. चाळीस वर्षांत असं फार वेळा झालेलं नाही.

तसबीर पुसताना जाऊबाईंनाच खालच्या कडेची बारीक इंग्रजी अक्षरं दिसली: रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्या मावळातली!" आणि आमचा अबोला तिथेच सुटला.

पुढच्या आठवड्यात लोणावळा लोकल पकडून आम्ही मळवलीला उतरलो. डब्यात आमच्याबरोबर उतरलेली सगळी पोरं पाठीवर पिशव्या लावून भाजे लेणी आणि लोहगडाकडे निघाली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावाहून देवादिकांची छापील चित्रं देशभर जात होती, हे त्यांच्या गावीही नसेल. 1972 साली छापखान्याला मोठी आग लागली आणि बरंचसं वैभव जळून गेलं. आम्ही रुळांच्या बाजूने थोडं फिरलो, सावलीत बसून डब्यातले ठेपले खाल्ले, आणि मी घरून वाचून आलेली हकीकत जाऊबाईंना सांगितली. तीच तुम्हालाही सांगते.

राजा रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे. जन्म 1848, मृत्यू 1906. त्यांची तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या महालांत लागत. बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं, की चित्रांच्या छापील प्रती काढा, म्हणजे ती सामान्य माणसापर्यंत जातील. 1894 मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना निघाला. यंत्रं परदेशी, कारागीर जर्मन. पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. मग 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि माणसं शहर सोडून पळू लागली. 1899 च्या सुमारास छापखाना इथे मळवलीला, कार्ल्याच्या जवळ आणला गेला. मुंबई-पुणे रेल्वे दारातून जात होती, तेव्हा कागद आणायची आणि माल पाठवायची सोय होतीच.

मी कॉमर्सची, त्यामुळे माझं लक्ष ताळेबंदाकडे जातं. भांडवल अडकलेलं यंत्रांत आणि दगडांत, शाई आणि तंत्रज्ञ परदेशी, आणि विक्री तर अशा मालाची की एकदा भिंतीवर लागला की पन्नास वर्षं दुसरा लागत नाही. त्यात प्लेग आणि स्थलांतराचा खर्च. धंदा कर्जात गेला. रविवर्म्यांचे धाकटे भाऊ राजा राजवर्मा कामकाज पाहत, पण दोघेही मुळात चित्रकार. नव्या शतकाच्या सुरुवातीलाच छापखाना त्यांच्याकडच्या जर्मन तंत्रज्ञाने, फ्रिट्झ श्लायशर यांनी विकत घेतला, चित्रं छापण्याच्या हक्कांसकट. त्यांनी देवांच्या चित्रांबरोबर मालाची लेबलं आणि जाहिरातीही छापल्या आणि तो चालवून दाखवला. चित्र काढणाऱ्याचं नाव झालं, धंदा मात्र हिशेब जाणणाऱ्याने तारला. आमच्या दुकानातही मोठे दीर गिऱ्हाईक सांभाळत आणि वह्या माझ्याकडे असत, म्हणून मला हे चटकन पटलं.

दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केलं आणि लोणावळ्यातच स्वतःचा छपाईचा व्यवसाय सुरू केला. पुढे 1913 मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. पडद्यावर देव कसे दिसावेत याची तयारी प्रेक्षकांच्या डोळ्यांत या चित्रांनी आधीच करून ठेवली होती.

आता छपाईचं सांगते, कारण ते आपल्या रांगोळीच्या जाळीसारखं आहे. जर्मनीतल्या बव्हेरियातून आणलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र उतरवायचं. दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी राहतं, आणि तेलकट रेघांवर तेवढी शाई धरते. एका रंगाला एक दगड. लाल वेगळा, पिवळा वेगळा, अंगाची सावली वेगळी. तोच कागद एकामागून एक दगडांवर दाबायचा. केसभर सरकला तर ओठांचा रंग गालावर जाणार! शेवटी वार्निशचा हात फिरवला की तैलचित्रासारखी चमक येते. त्यावर घराघरांतल्या बायका जर, टिकल्या, कापडाचे तुकडे लावत. आमच्या आजेसासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांची चुण्यांवरची जर बघाल तर एकही टाका सुटलेला नाही. चित्रावर सही नाही, पण ते काम त्यांचंच आहे.

या चित्रांवर टीकाही झाली. सगळ्या देवी एकाच चेहऱ्याच्या दिसतात, त्या देवी कमी आणि नाटकातल्या नायिका जास्त वाटतात, असं जाणकार म्हणत. असेलही. पण ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच परत पाठवलं जाई, त्यांच्या घरात या कागदामुळे देव आला. हे मला फार मोठं वाटतं.

आपल्यापैकी काहीजणी विचारतील, जैनाच्या दुकानात लक्ष्मी कशाला? माझ्या सासऱ्यांना हा प्रश्न एका त्यागी महाराजांनीच विचारला होता. ते म्हणाले, "महाराज, पहाटे मंदिरात निर्वाण लाडू चढवतो, तेव्हा मागायचं काहीच नसतं. संध्याकाळी वही उघडतो, तेव्हा एवढंच मागतो की या वहीत खोटा आकडा पडू नये." महाराज हसले आणि म्हणाले, गौतमस्वामींना त्या दिवशी मिळाली ती ज्ञानलक्ष्मी, तिला विसरू नका म्हणजे झालं.

याच मावळात कामशेतजवळ पाले इथे एक लहानसं लेणं आहे. त्यातला ब्राह्मी शिलालेख डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी उजेडात आणला. सुमारे 2000 वर्षं जुना, आणि त्याची सुरुवात अरिहंतांना नमस्कार करून होते. पुढे इंद्ररक्षित नावाच्या साधूने लेणं आणि पाण्याचं टाकं करवल्याचं लिहिलं आहे. मूर्ती नाही, रंग नाही, फक्त नमस्कार आणि पाण्याची सोय. मी हे सांगितल्यावर जाऊबाई बराच वेळ गडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तसबीर विकायची नाही. पण देव्हाऱ्यातही नको. बाईंच्या हातचं काम म्हणून ठेवू."

तसंच ठरलं. ती आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे, कारण माझ्या घरात पश्चिमेचं ऊन भिंतीवर येतं. पाठीमागे मी एक कागद चिकटवला नाही, पाकिटात घालून अडकवला आहे: आजेसासूबाईंचं नाव, दुकान कधी सुरू आणि कधी बंद झालं, आणि टिकल्या कोणी लावल्या. पुतण्याने थोडी कुरकुर केली, पण कागद वाचून गप्प बसला.

तुमच्याकडे अशी तसबीर असेल तर एवढं करा. ओल्या फडक्याने पुसू नका. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये जाड कागदाची चौकट घालून घ्या. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर ठेवू नका; कसर लागल्यावर औषध मारून जीवहिंसा करण्यापेक्षा आधीच कोरडं ठेवणं बरं. श्रुतपंचमीला आपण शास्त्रं काढून वेष्टनं बदलतो, त्याच दिवशी हिचीही धूळ मऊ ब्रशने झाडा.

आणि मैत्रिणींनो, जुनी झाली म्हणून ती इंद्रायणीच्या काठी किंवा पिंपळाखाली ठेवून येऊ नका. आधी उलटी करून बघा, खाली काय छापलंय ते वाचा, आणि घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारा ही कुठून आली. तिला आठवतंय तोवरच विचारा.