बोलावणे

पंच्याहत्तरी झाली की पूर्वी माणसाला शाल आणि नारळ मिळत असे. मला गेल्या वर्षी माझ्या मुलांनी एका मोठ्या रुग्णालयातली सबंध शरीराची तपासणी भेट दिली. लेक इंग्लंडात लीड्सला असते, मुलगा जपानात योकोहामाला. दोघांनी आपसात मसलत करून पैसे भरले आणि मला नुसता तारखेचा निरोप आला. त्या रुग्णालयात तपासणीचे चांदी, सोने आणि प्लॅटिनम असे तीन वर्ग होते. मुलांनी आईला सोन्यात बसवली होती. मंगळसूत्रानंतर दुसऱ्याने माझ्या अंगावर घातलेले हे पहिलेच सोने.

त्या सोन्याचा हिशेब असा झाला. उपाशीपोटी रक्त दिले, निरनिराळ्या यंत्रांखाली निजले, आणि चार दिवसांनी अठरा पानांचा अहवाल हाती आला. त्यातले अकरा आकडे ठळक ठशात छापलेले होते. ते कोणीतरी समजावून सांगेल म्हणून मी बसून राहिले, तर काचेआडच्या मुलीने मला अभिप्राय लिहायचा कागद दिला. सतराव्या पानावर, गळ्यातल्या ग्रंथीत एक बारीक गाठ असल्याची नोंद होती. मग आणखी एक सोनोग्राफी झाली, मग सुई घालून तपासणी झाली. नऊ आठवडे मला धड झोप नव्हती. शेवटी गाठ निरुपद्रवी ठरली. त्यानंतर त्या रुग्णालयातून मला एकदाच फोन आला. पुढच्या वर्षीच्या तपासणीवर सवलत आहे, हे सांगायला.

आमचे दादरचे जुने डॉक्टर हे सगळे ऐकून हसले. म्हणाले, "बाई, सगळे रान उकरले की दगड लागायचेच. तुम्हाला काही होत होते का?" मी म्हटले, "नाही." "मग गेलात कशाला?" मी म्हटले, "मुलांनी पैसे भरले होते." यावर त्यांनी मला चहा पाजला आणि दोन गोष्टी सांगितल्या. कॅनडात १९७६ साली तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले होते. त्याने १९७९ साली सांगितले की, निरोगी माणसाची दरवर्षीची सरसकट तपासणी सोडून द्यावी. त्याऐवजी वय, स्त्री की पुरुष आणि धोका कशाचा हे पाहून नेमक्या तपासण्या कराव्यात. दुसरी गोष्ट डेन्मार्कची. कोपनहेगनच्या परिसरातल्या हजारो लोकांना १९९९ पासून तपासणीला बोलावले, खाण्यापिण्याचा, व्यायामाचा सल्ला दिला. दहा वर्षांनंतरचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ज्यांना बोलावले होते आणि ज्यांना बोलावले नव्हते त्यांच्यात हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण सारखेच निघाले.

मला हे ऐकून मोकळे वाटायला हवे होते. पण घरी येताना मनात तो एकच शब्द घोळत राहिला: गाठ. अहवालात तो वाचला तेव्हा मला स्वतःची भीती वाटली हे खरे. पण त्याआधी क्षणभर मला माझी वहिनी आठवली होती. तिच्याकडे यायच्या आधी, मुलांच्या घरी मी जे पाहिले ते सांगते. कारण वहिनीची गोष्ट मला नीट कळली ती त्या परक्या घरांतच.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी लीड्सला होते. एक दिवस पोस्टातून जावयाच्या नावाने एक चपटे पाकीट आले. मी ते कौतुकाने टेबलावर ठेवले. संध्याकाळी त्यातून एक इवलीशी बाटली, तिच्या झाकणाला जडलेली काडी आणि परतीचे पाकीट निघाले. जावई लाजत सांगेनात, तेव्हा लेकीने सांगितले: पन्नाशी उलटलेल्या माणसाने दर दोन वर्षांनी आपल्या शौचाचा टाचणीएवढा अंश या बाटलीत घालून टपालाने पाठवायचा, डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात आहे का, हे तिकडे तपासतात. आतड्याचा कर्करोग लवकर हाती लागावा म्हणून ही व्यवस्था. ज्या टपालाने मी जन्मभर राख्या आणि तिळगूळ पाठवला त्याच टपालाने हेही जावे, हे माझ्या सोवळ्या मनाला झेपेना. पण दोन आठवड्यांत उत्तर आले, काही निघाले नव्हते, आणि जावयांना एक पैसाही पडला नव्हता.

त्याच मुक्कामात लेकीलाही पत्र आले. तिला पन्नासावे सरले होते. इंग्लंडात १९८८ पासून स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणीची योजना आहे. आता पन्नास ते एकाहत्तर वयाच्या बाईला दर तीन वर्षांनी बोलावतात, आणि पहिले पत्र त्रेपन्नावा वाढदिवस होण्याच्या आत येते. पत्रात दिवस, वेळ आणि जागा लिहिलेली. जागा म्हणजे आमच्या नेहमीच्या किराणा बाजाराच्या आवारात उभी असलेली एक लांबलचक गाडी. लेक तिच्यात शिरली आणि मी बटाटे, कांदे निवडून होईपर्यंत बाहेर आली.

मी तिला विचारले, "पण सगळे अंग दरवर्षी नाही का गं तपासत?" ती म्हणाली, "नाही. चाळीस ते चौऱ्याहत्तर या वयात दर पाच वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेहाचा धोका एवढे बघतात. २००९ पासून आहे. बाकी उगाच 'सगळे तपासा' म्हटले तर डॉक्टर विचारतात, तक्रार काय आहे?" म्हणजे ५ जुलै १९४८ ला सुरू झालेली ती भली थोरली सरकारी व्यवस्था आणि आमचे दादरचे डॉक्टर यांचे मत एकच होते.

जपानातला प्रकार अगदी निराळा. मी २०१९ मध्ये मुलाकडे होते. एका संध्याकाळी तो सांगू लागला, "उद्या कंपनीची तपासणी, रात्री नवानंतर जेवायचे नाही." १९७२ च्या कायद्याने तिथे मालकाने नोकराची दरवर्षी तपासणी करायची असते, आणि नोकरानेही ती टाळायची नसते. दुसऱ्या दिवशी तो पांढराफटक चेहरा करून आला. खडूच्या पाण्यासारखे दाट बेरियम पिऊन, हलत्या फळीवर कोलांट्या घेत त्याने पोटाचे फोटो काढून घेतले होते. काही दिवसांनी निकाल आला तो शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा, प्रत्येक अवयवापुढे अ, ब, क, ड अशी श्रेणी. यकृतात त्याला क मिळाला होता. जन्मभर मास्तरकी केलेल्या आईपासून त्याने तो कागद लपवला, यात नवल नाही.

चाळिशीनंतर तिथे कंबरही मोजतात. २००८ पासून तसा नियमच आहे: पुरुषाची ८५ सेंटिमीटर आणि बाईची ९० ही मर्यादा. ती ओलांडली आणि रक्तदाब, साखर वगैरेंतही बिघाड दिसला की दंड होत नाही, शिकवणी लागते. काय खावे, किती चालावे ते सांगायला माणूस येतो. बाईला पुरुषापेक्षा पाच सेंटिमीटर जास्त दिलेले पाहून जपानी लोकांविषयीचा माझा आदर वाढला.

याखेरीज ज्यांना सविस्तर तपासणी हवी त्यांच्यासाठी 'निंगेन डॉक' नावाचा प्रकार आहे. तोक्योत तो १९५४ साली सुरू झाला. निंगेन म्हणजे माणूस आणि डॉक म्हणजे आपली गोदी. सफरीवरून आलेले जहाज सुक्या गोदीत घेऊन तळापासून तपासतात, तसा माणूस तपासायचा. हे ऐकताना मला आमचा गुहागरकडचा किनारा दिसला. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढून, शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेच्या आधी त्या खरवडतात, भेगा बुजवतात, मगच पाण्यात लोटतात. भोक पडले आहे असे वाटले म्हणून कोणी होडी ओढत नाही. दिवस आले की ओढतात. आमच्या गावात होडीला हा नेम होता. बाईला नव्हता.

आता वहिनीचे सांगते.

वहिनी आणि मी एकाच वर्षीच्या, १९५० च्या. ती एकोणिसाव्या वर्षी आमच्या घरात आली तेव्हा मी त्याच घरात कॉलेजच्या सुट्टीत लोळत होते. तिने मला 'वन्सं' म्हटले, आणि अहोजाहो अखेरपर्यंत सोडले नाही. २००३ च्या गणपतीत मी गावी गेले होते. मोदकांची उकड मळता मळता ती हलक्या आवाजात म्हणाली, "वन्सं, इथे काखेखाली गाठीसारखे काहीतरी लागते. दुखत बिखत नाही हो." मी तिच्याकडे पाहिलेही नाही; माझे हात पिठात होते. म्हटले, "दुखत नाही ना? मग काही नसेल. तरी दिवाळी झाली की मुंबईला ये. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत, दाखवू." ती म्हणाली, "तुम्ही बोलावलंत की येते."

दिवाळी झाली. शाळेच्या परीक्षा आल्या, मग लेकीचे बाळंतपण आले. मी बोलावले नाही. विसरले, असे सरळ लिहिणे बरे.

पुढच्या गणपतीत ती उजवा हात जपून वापरताना दिसली. आम्ही तिला मुंबईला आणले तेव्हा रोग पसरला होता. इस्पितळात एका दुपारी मी तिला विचारले, "अगं, तू एक फोन तरी करायचास!" ती म्हणाली, "तुम्ही काही विसरणाऱ्यातल्या नव्हेत. बोलावलं नाहीत, म्हणजे डॉक्टरीणबाईंना विचारलं असेल आणि काही नसेल, असं मला वाटलं." २००५ च्या चैत्रात ती गेली. पंचावन्न वर्षांची होती.

आमच्याकडे हळदीकुंकवालासुद्धा बोलावणे आल्याशिवाय कोणी जात नाही. आजाराला तर नाहीच. नवऱ्याने "चल" म्हणावे, मुलाने गाडी आणावी, नणंदेने फोन करावा. तोवर बाई पदर सावरून काम करीत राहते. लीड्सला लेकीचे पत्र हातात धरले तेव्हा मला एवढेच सुचले की, २००३ च्या त्या गणपतीत वहिनी त्रेपन्न वर्षांची होती. त्या देशात तिला तोवर एक पत्र येऊन गेले असते. ते पाठवणाऱ्याला परीक्षा नसत्या, बाळंतपण नसते. आणि तिच्या गाठीला तर यंत्राचीही गरज नव्हती; ती हाताला लागत होती. गरज होती ती कोणीतरी विचारण्याची, आणि विचारल्यावर न विसरण्याची. डेन्मार्कचा हिशेब मला मान्य आहे. पण तो धडधाकट माणसांच्या सरसकट तपासणीचा हिशेब आहे. सांगितलेले दुखणे हरवून गेले तर काय, याचा नव्हे.

यंदा मे महिन्यात मी गावी होते. भाचेसून ओटीवर आंब्याची साठं घालत होती; शेजारच्या दोघीतिघी मदतीला आल्या होत्या. तेवढ्यात आशाताई आल्या. गावोगावच्या या आशाताई २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. वहिनी गेली तेच वर्ष. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची विचारपूस करायचे काम मात्र त्यांच्याकडे मागाहून, आयुष्मान भारत योजनेत, आले. त्यांच्या हातात छापील कागद आणि शिंप्याची असते तशी टेप होती. "तंबाखू खाता?" तिघी एका सुरात "नाही" म्हणाल्या. "मिश्री?" "मिश्री म्हणजे काय तंबाखू?" "आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम होतो?" यावर दिवसातून चार वेळा पऱ्ह्याची घाटी चढणाऱ्या बायका डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. मग कंबर मोजायची वेळ आली. आपल्या कागदावर बाईला ८० सेंटिमीटरपर्यंतच माफी आहे. जपानात मी बसत होते; माहेरी नापास झाले.

पुढचा प्रश्न आशाताईंनी त्याच सुरात वाचला, "छातीत गाठ वगैरे आहे का?"

मी टेप गुंडाळत होते ती थांबले. बावीस वर्षांपूर्वी त्याच घरात जे कोणी विचारले नव्हते ते कागदावर छापलेले होते. भाचेसून "नाही" म्हणाली. दुसरी "नाही" म्हणाली. तिसरीने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. आशाताईंनी पेन थांबवले, पण मान वर केली नाही, फक्त म्हणाल्या, "उद्या उपकेंद्रात या, मॅडम बघतील." ती बाई म्हणाली, "बघू. साठं वाळायची आहेत, पाऊस तोंडावर आला."

उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून रत्नागिरीला, तिथून कदाचित मुंबईला. ही वाट किती लांबची आहे ते मला ठाऊक आहे. कागद भरून कोणी बरे होत नाही. पुढे कोणीतरी बरोबर चालावे लागते.

मी त्या बाईला म्हटले, "साठं भाचेसून बघेल. सकाळी नवाला मी तुमच्या अंगणात येते, आपण दोघी जाऊ."

रात्री मी घड्याळाला गजर लावला, आणि भाचेसुनेलाही बजावून ठेवले की, मी विसरले तर मला उठव. सकाळी पावणेनवालाच जाऊन उभी राहिले. पुढे काय निघाले ते त्या बाईचे तिच्याकडे. ते मी इथे लिहिणार नाही. एवढे सांगते की, दिवाळीची वाट आम्ही पाहिली नाही.