आईची पत्र्याची पेटी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. मी सकाळी कामावर निघण्याच्या तयारीत असताना दारात रिक्षा थांबली आणि आई उतरली. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आमची जुनी पत्र्याची पेटी. आई गावाहून येते तेव्हा ज्वारीचे पीठ, शेंगा, लोणच्याची बरणी असे काही ना काही घेऊन येते. त्या दिवशी फक्त पेटी होती. पेटीच्या एका बाजूचा रंग जळून काळा पडला होता.

"रातच्याला कडब्याची गंजी पेटली. दोन घराचे छप्पर गेले. आपलं घर वाचलं. माणसं समदी वाचली," आई म्हणाली. मग पाणी पिऊन हळूच म्हणाली, "म्या आधी पेटी भाईर काढली. मंग शेळी."

वाचकहो, आमचे गाव भोकरदन तालुक्यात. आमची वस्ती गावापासून वेगळी, नाल्याच्या पलीकडे, पंधरा-सोळा घरांची. डांबरी रस्ता गावाच्या वेशीपर्यंत आला आणि थांबला. वस्तीत एक हातपंप आहे, तो उन्हाळ्यात हवाच ओढतो. विजेचा शेवटचा खांब नाल्याच्या अलीकडे. त्या रात्री अग्निशामक गाडी मागवायची म्हटली तरी ती शहरातून यायची, आणि नाल्यात उतरायला तिला वाट नव्हती. बायांनी घागरीतले प्यायचे पाणी आगीवर ओतले. जी माणसे गावापासून दूर राहतात, त्यांचा जीव आणि मालमत्ता किती पातळ धाग्यावर लोंबकळत असते, हे त्या एका रात्रीत कळून येते.

मी बी.कॉम. झालेला माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे जमाखर्च लिहितो. व्हाउचर असल्याशिवाय वहीत आकडा टाकायचा नाही, ही माझी सवय. म्हणून आग कुणी लावली हे मी इथे लिहिणार नाही. एखाद्याची बिडी पडली असेल, ठिणगी उडाली असेल, किंवा कुणी लावलीही असेल. एवढे मात्र खरे की, आठ दिवस आधी आमच्या गायरानाच्या तुकड्यावरून बोलाचाली झाली होती आणि "पावसाळ्याआधी रान मोकळं करा" असा दम वस्तीला मिळाला होता.

हे गायरान म्हणजे काय, ते तरुण वाचकांसाठी सांगतो. माझ्या वडिलांनी आणि वस्तीतल्या सहा-सात जणांनी ८० च्या दशकात गावाच्या गायरानातला खडकाळ तुकडा फोडला. दगड वेचून बांध घातले आणि बाजरी पेरली. त्यांच्या अंगात हे बळ कुठून आले? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहातून. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून हजारो माणसे पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेली. माझे आजोबा तुरुंगात गेले नव्हते, पण गेलेल्यांना भाकरी पोहोचवून आले होते. आमच्या घरात ही गोष्ट सणासुदीला सांगितली जायची.

दुसरीही एक गोष्ट सांगितली जायची, पण दबक्या आवाजात. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. किती वस्त्या जळाल्या, किती माणसे गाव सोडून गेली. माझा जन्म त्यानंतरचा. आमची वस्ती तेव्हा जळाली नाही, पण माझी आजी लेकरे पोटाशी धरून चार रात्री नाल्याच्या बाभळीत बसली होती. तेव्हापासून आमच्या घरात नियम पडला. महत्त्वाचे सगळे एका पेटीत ठेवायचे आणि पेटी दाराजवळ ठेवायची. सोने-नाणे नव्हतेच. मग महत्त्वाचे काय? कागद!

त्या दिवशी आईने माझ्यासमोर पेटी उघडली. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला. माझा आणि बहिणीचा जातीचा दाखला. घरपट्टीच्या पावत्या. रेशनकार्ड. बाबासाहेबांचा कॅलेंडरातून कापलेला फोटो. आणि तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या तीन पिवळ्या पावत्या. तहसीलने वडिलांना गायरानावर अतिक्रमण केले म्हणून केलेल्या दंडाच्या पावत्या!

त्या पावत्या पाहून माझी मान खाली गेली. कॉलेजात असताना मीच वडिलांना म्हणालो होतो, "दादा, ह्या काय जपता? ही तर गुन्ह्याची पावती आहे. फेकून द्या." वडील चौथी शिकलेले. ते हसले आणि म्हणाले, "बाळा, ह्या पावतीवर सरकारनं मव्हं नाव लिव्हलंय आन् रानाचा गट नंबर लिव्हलाय. सरकारनं मला दुसऱ्या कोन्त्या कागदावर लिव्हलंय ते दाखीव."

हिशेबाचे शिक्षण मी घेतले, पण हिशेब त्यांना कळत होता. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ ला निर्णय काढला की, भूमिहीन मागासवर्गीयांनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करावीत. तेव्हा पुरावा काय मागितला? दंडाची पावती, आणि तलाठ्याच्या गाव नमुना १-ई मधली, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीतली नोंद. ज्यांनी पावत्या जपल्या त्यांना बोलायला जागा राहिली. ज्यांच्या पावत्या भिंतीच्या कोनाड्यात उंदरांनी खाल्ल्या, त्यांची वीस वर्षांची मेहनत कुणाच्या लेखी उरली नाही. आमच्या वस्तीतली प्रकरणे अजून फायलीत फिरत आहेत. मधल्या काळात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवला आहे. पण नोटीस घेऊन येणारा माणूस अपवाद वाचून दाखवत नाही. २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा वस्तीत दोन दिवस चुली पेटल्या नव्हत्या.

आगीच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गावी गेलो. तलाठ्याकडून पंचनामा करून घेतला. पोलीस ठाण्यात मात्र "जळीत" एवढीच नोंद झाली. आठ दिवसांपूर्वीच्या धमकीचा शब्द कागदावर घ्यायला कुणी तयार होईना. "साहेब, तुम्ही शिकलेले आहात, कशाला वाढवता?" असा सल्ला मिळाला. पूर्वीचा मी असतो तर टेबलावर हात आपटून परत आलो असतो. पण आईची पेटी डोळ्यांपुढे होती. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे त्याच नियमांत आहे. मी रात्री बसून तारीख, वेळ, साक्षीदार असे सगळे मुद्द्यांनी लिहिले. जे पाहिले ते पाहिले म्हणून, जे ऐकले ते ऐकले म्हणून. कुणावर खोटा आळ घेतला नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवले आणि पोहोच पेटीत ठेवली.

पुढे उपअधीक्षक दर्जाचे अधिकारी वस्तीवर आले, जबाब झाले. आग कुणी लावली ते निष्पन्न झाले नाही. पण दम देणारे पुन्हा आले नाहीत. वस्तीच्या बायांनी ग्रामसभेत जाऊन खांब मागितला आणि दिवाळीआधी नाल्याच्या पलीकडे पहिला दिवा लागला. कडब्याच्या गंज्या घरांपासून लांब रचायच्या, हेही सगळ्यांनी बसून ठरवले.

राहिला माझ्या घरचा प्रश्न. मी आईला म्हटले, "आता तू जालन्यातच रहा. सत्तरी आली. रात्री-बेरात्री काही झालं तर?" माझी बायकोही म्हणाली. नातीने तर गळ्यात हात टाकले. बाबासाहेबांनी आपल्याला खेडी सोडायला सांगितले, हेही मी ऐकवले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बाबासाहेबानं सांगितलं म्हनून तर तुला शिकायला धाडलं. तू गेला, मी रायले. म्हनून घर रायलं आन् रान रायलं. मी काहून येऊ? माझ्या मागं दाराला कुलूप लागलं की म्हैनाभरात कुनाची तरी म्हैस बांधली जाईल तिथं."

मला उत्तर देता आले नाही. आपण शहरातली नोकरदार माणसे सुरक्षित आहोत ती कुणाच्या जिवावर? मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांनी जागा धरून ठेवली म्हणून आपल्याला "आमचं गाव" म्हणता येते. आणि आपण काय करतो? १४ एप्रिलला जातो, भाषण ठोकतो, संध्याकाळच्या एस.टी.ने परत येतो. मीही तेच करत होतो.

चार दिवसांनी आई परत गेली. पेटी मात्र माझ्याकडे ठेवून गेली. आता मी महिन्यातून एक रविवार वस्तीवर जातो. प्रत्येक घराचे कागद पाहतो, झेरॉक्सच्या दोन प्रती काढतो. एक घरात, एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. तरुण पोरे मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवतात. घराच्या नोंदीत बाईचे नाव नसेल तर ते लावायचा अर्ज लिहून देतो. आतापर्यंत अकरा घरे झाली. काम मोठे नाही, कारकुनाचेच आहे. पण बंधू-भगिनींनो, आपल्यात कारकून किती आहेत! प्रत्येकाने आपल्या एका वस्तीची पेटी सांभाळली तरी पुष्कळ होईल.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. "दिव्याखाली पोरं अभ्यासाला बसत्यात रे," ती म्हणाली. मग जरा थांबून विचारले, "पेटी दाराजवळच हाय ना?"

आहे, आई. दाराजवळच आहे.