दरीची दरी



प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधाचा विचार आपण करीत आहोत. त्या संदर्भात एका प्रवासाचा अनुभव येथे सांगतो. त्या प्रवासाने मला माझ्याच वर्गातील एक जुनी चूक दाखवून दिली.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयीन काळातील आम्ही चार मित्र अमेरिकेत एकत्र आलो. आमच्यापैकी एक फिनिक्स येथे स्थायिक आहे. त्याने आर.व्ही. भाड्याने घेतली. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचे घर. शेगडी, बिछाने, न्हाणीघर, सारे एकाच वाहनात. पहिल्याच मोठ्या वळणावर कपाटाचे दार उघडले आणि चिवड्याचा डबा खाली आला. सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याची पाळी कोणाची, यावरून आम्ही पन्नाशीचे गृहस्थ वसतिगृहातील मुलांसारखे भांडत होतो.

ग्रँड कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅलीतील तांबडे शिलास्तंभ पाहून आम्ही ईशान्य ॲरिझोनातील चिन्ले गावी मुक्काम केला. हा नवाहो लोकांचा स्वशासित प्रदेश. गावालगतच 'कॅन्यन दे शे' ही लाल खडकांची दरी आहे. तिच्या तळाशी आजही नवाहो कुटुंबे शेती करतात, म्हणून स्थानिक मार्गदर्शकाशिवाय खाली सहसा जाता येत नाही. आम्ही आमचे घर वर ठेवले आणि एका वयस्क नवाहो बाईंच्या जीपमधून उतरलो.

दरीच्या नावाविषयी मी विचारले, तेव्हा त्या हसल्या. नवाहो भाषेत 'त्सेयी' म्हणजे खडकाच्या आतली जागा, दरी. स्पॅनिश लोकांनी तो शब्द आपल्या कानाने ऐकला, आपल्या लिपीत लिहिला आणि त्याचा 'शे' झाला. म्हणजे पूर्ण नावाचा अर्थ 'दरीची दरी'! मग त्यांनी आपल्या भाषेची एक गंमत सांगितली. आपण दोरी, भाकरी, पिठाचा गोळा सारे 'देतो'. नवाहो भाषेत मात्र वस्तू लांब व लवचीक आहे, गोल व घट्ट आहे की मऊ लगदा आहे, यानुसार क्रियापदाचा धातूच बदलतो. हे मी पुस्तकात वाचले होते. तेथे ते एका आजीच्या तोंडून ऐकले.

१८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या दरीतील पिके जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोत नेले. १८६८ च्या तहानंतर ते परतले. पुढे निवासी शाळा आल्या. बाईंचे वडील अशाच एका शाळेत होते. घरची भाषा बोलल्याबद्दल त्यांचे तोंड साबणाने धुतले गेले होते.

आणि १९४२ मध्ये त्याच भाषेची सैन्याला गरज पडली. मरीन दलाने २९ नवाहो तरुणांकडून एक सांकेतिक भाषा घडवून घेतली. तीत पाणबुडी 'लोखंडी मासा' झाली, रणगाडा 'कासव' झाला, बॉम्ब 'अंडी' झाले. युद्धभर जपानी सैन्याला हा संकेत उलगडला नाही. १९६८ पर्यंत त्याविषयी जाहीरपणे बोलण्याची मुभा या सैनिकांना नव्हती.

त्या रात्री मित्र पत्ते खेळत होते. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो होतो आणि मला धुळे जिल्ह्यातील माझी एक विद्यार्थिनी आठवत होती. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत, वर्गात उत्तर देताना ती 'तठे' म्हणाली. मी म्हणालो, "'तिथे' म्हणा." वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर ती वर्गात बोलली नाही. कोणतीही बोली अशुद्ध नसते, हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून शिकवले होते. मी तिचे तोंड साबणाने धुतले नव्हते. परिणाम मात्र फारसा वेगळा झाला नाही. तिची क्षमा मागण्याची संधी मला पुढे मिळाली नाही.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून हा अभ्यास करीत आहात. घरी आपण अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा आणखी एखादी बोली बोलत असाल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणभाषा लिहावी लागेल. ती अवश्य आत्मसात करा. पण या आठवड्यात घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ बसून, प्रमाण मराठीत ज्यांना नेमका पर्याय नाही असे दहा शब्द अर्थासह लिहून काढा. संपर्कसत्राला येताना ती वही बरोबर आणा, आणि ते शब्द सर्वांसमोर मोठ्याने वाचा.