डोळ्यांवर टिकणारी काच

माझ्या वडिलांच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट या आमच्या गावी त्यांचं शेतीच्या अवजारांचं वर्कशॉप होतं. वखराची पास, नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हुक, जे मोडेल ते त्यांच्याकडे यायचं. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून पसरतं आणि त्याच्या कडा फुटायला येतात. अशीच एक कपची उडाली आणि बुबुळावर लागली. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. जखम भरली, पण तिथे पांढरा डाग राहिला, आणि त्या डोळ्याने वडिलांना आयुष्यभर धुक्यातून पाहावं लागलं. पुढे कामाला कोणीही नवा मुलगा आला, की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “डोयाले जप रे, भो.”

वर्कशॉपात गॉगल नव्हता असं नाही. भिंतीवरच्या खिळ्याला गॅस वेल्डिंगचा गॉगल टांगलेला असे: दोन गोल हिरव्या काचा, भोवती जाड वाट्या आणि मागे इलॅस्टिकचा पट्टा. पण आमच्याकडच्या मे महिन्यात तो लावून पाहा. दहा मिनिटांत काचांवर आतून वाफ धरायची, घाम वाटीत साचायचा, पट्ट्यात केस ओढले जायचे. गॉगल पुन्हा खिळ्यावर जायचा. वडील आणि त्यांच्या हाताखालची मुलं निष्काळजी होती असं मला कधीच वाटलं नाही. जे अंगावर सहन होत नाही ते माणूस काढून ठेवतो, एवढंच.

वेल्डिंगची काळी काच मात्र सगळे वापरत, कारण तिच्याशिवाय काम दिसतच नाही. तरी शेजारी उभं राहून पट्टी धरणाऱ्या पोराला हमखास आर्क लागायचा. गंमत वाटावी इतका तो उशिरा कळतो. दुपारी उजेड पाहिला, तर डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग रात्री सुरू होते. अतिनील किरणांनी डोळ्याचा वरचा थर भाजतो आणि ते जाणवायला सहा ते बारा तास लागतात. मग बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून पोरं रात्र काढायची. चकत्यांनी गारवा मिळतो, भाजणं टळत नाही.

१९९५ च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला सूर्यग्रहण झालं. सकाळीच गल्लीतली मुलं काळी काच मागायला आमच्या दारात जमली. वडिलांनी ती दिली नाही. सूर्याकडे पाहायला १४ नंबरची काच लागते आणि रोजच्या वेल्डिंगची काच त्याहून फिकी असते, हे त्यांना माहीत होतं. मुलं हिरमुसली. वडिलांनी पत्र्याला बारीक भोक पाडलं आणि भिंतीवर कुरतडलेल्या सूर्याची प्रतिमा पाडून दाखवली. काचेला नंबर असतो, आणि एका कामाची काच दुसऱ्या कामाला चालत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे नंदुरबारच्या आयटीआयमध्ये टर्नर झालो आणि नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागलो. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं ३५ वं कलम फक्त डोळ्यांसाठी होतं. तुकडे उडत असतील किंवा प्रखर उजेड असेल, तिथे मालकाने आडोसा किंवा योग्य गॉगल द्यायचा. आमच्या कारखान्यानेही दिले, खोकी भरून, सगळे एका मापाचे. लेथवरून तापलेला, निळा पडलेला कीस वळवळत बाहेर यायचा आणि ओळीतल्या प्रत्येकाचा गॉगल कपाळावर असायचा. साहेब दिसले की खाली, साहेब गेले की वर. दंड लावून पाहिला, पाट्या लावून पाहिल्या. फरक पडला नाही.

मग एक वयस्कर फोरमन आले. त्यांनी दंडाची वही बंद केली आणि पाच-सहा तऱ्हांचे गॉगल आणून टेबलावर मांडले. म्हणाले, “ज्याला जो बसेल तो त्याने उचला. आठवडाभर त्यावर काम करा, मग सांगा.” प्रत्येकाचा चेहरा वेगळा, हे इतकं उघड सत्य आम्हाला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. कुणाचं नाक बसकं, तर गॉगल घसरायचा. कुणाची गालाची हाडं वर, तर हसलं की काच उचलली जायची. त्या आठवड्यानंतर कपाळं मोकळी झाली. सुरक्षेबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं निम्मं त्या टेबलापाशी कळलं.

फोरमननी शिकवलेली पारख मी अजून वापरतो. गॉगल लावून मान जोरात हलवायची, खाली वाकून पायाकडे बघायचं. तो जागचा हलता कामा नये. भुवई आणि काच यांच्यामध्ये करंगळी सहज शिरत असेल तर ठिणगीही शिरेल. काडी कानामागे टोचते की नुसती टेकते, हे दुकानात कळत नाही, तासाभराने कळतं. कानावर आवाज अडवणारे मफ चढवायचे असतील तर काडी पातळच हवी. जाड काडी कानशिलात रुतते आणि मफमधून आवाजही आत येतो. नाकावर मऊ रबर, कडेला आडोसा, आणि वजन इतकं हलकं की विसर पडावा.

काच म्हणजे आता पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांना ते जवळपास एकाच वेळी सापडलं. ते साध्या काचेसारखं तडकून डोळ्यात जात नाही, आणि अतिनील किरणंही बरीचशी अडवतं. आपल्याकडे खरेदी करताना आयएसआय खूण आणि आयएस ५९८३ हा क्रमांक पाहावा. युरोपीय मालावर ‘एफ’ अक्षर असेल, तर ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून तो तपासलेला असतो. आकडा मोठा वाटेल. पण चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो, म्हणजे चाकाची कडा ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावते. चाकच फुटलं तर नुसता गॉगल पुरत नाही. म्हणून ग्राइंडरवर गॉगल आणि त्यावर तोंड झाकणारी पारदर्शक ढाल, दोन्ही हवीत.

पॉलिकार्बोनेटचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि थिनर लागलं की ते चिरतं. सदऱ्याच्या टोकाने कोरडं पुसणं हा त्याचा शेवट. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं एवढं पुरतं. ओरखड्यांतून पाहून डोकं दुखायला लागलं, की गॉगल पुन्हा कपाळावर चढतो.

चाळिशी आली आणि मायक्रोमीटरवरच्या रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या. नंबरचा चष्मा लागला. चष्मा आहे म्हणजे गॉगल नको, असं मानणारे कारागीर मी खूप पाहिले आहेत. रोजच्या चष्म्याला ना कडेचा आडोसा, ना माराची परीक्षा. चष्म्यावरून बसणारा रुंद गॉगल मी आधी वापरला, नंतर नंबर घालून सेफ्टीचाच चष्मा करून घेतला. पैसे जास्त गेले. काम मात्र पुन्हा स्पष्ट दिसू लागलं.

आता मी कोरीटला परतलो आहे आणि वडिलांचं वर्कशॉप चालवतो. मध्यंतरी नंदुरबारहून मिरची दळणाऱ्या यंत्राचं काम आलं. आमच्या भागात लाल मिरचीच्या पथाऱ्या आणि तिचा ठसका सगळ्यांनाच माहीत. तिथे माझा लेथवरचा गॉगल कुचकामी ठरतो, कारण भुकटी कडेने आत शिरते. चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसणारा, हवेची छिद्रं आडवळणाने ठेवलेला गॉगल लागतो. वाफ तो जास्त धरतो, म्हणून आतून वाफरोधक लेप असलेलाच घ्यावा. तिथे काम करणाऱ्या बायांच्या डोळ्यांवर मला एकही गॉगल दिसला नाही, नुसते ओढणीचे आणि पदराचे फेटे. त्यांच्या लहान चेहऱ्यांना बसेल असं माप आमच्या जवळपासच्या दुकानांत मिळत नाही. आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आलेल्या माझ्या भाचीचीही हीच तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

ज्यांचं गॅरेज, फॅब्रिकेशन किंवा दळणाचं काम आहे, त्यांना माझी विनंती आहे. गॉगल तुम्ही एकटे जाऊन घाऊक आणू नका. जो लावणार आहे त्याला किंवा तिला दुकानात सोबत न्या, दोन-तीन मापं लावून पाहू द्या, आणि न बसलेला बदलून घ्या. आणि डोळ्यात कण गेलाच, तर काडीला कापूस गुंडाळून किंवा जिभेने काढू देऊ नका, चोळू देऊ नका. लोखंडाचा कण रात्रभर राहिला तरी भोवती गंज धरतो. डोळे तसेच मिटून ठेवायला सांगून त्याला किंवा तिला गाडीवर बसवा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.