स्ट्रॉबेरीला कवठाची सोबत

जॅममध्ये दोन चवी एकत्र आणायच्या म्हटलं की बहुतेक जण जिभेपासून सुरुवात करतात. स्ट्रॉबेरी आणि मिरी, अननस आणि मिरची, आंबा आणि केशर. मी सुरुवात करते ती पातेल्यापासून. समोरच्या फळात काय कमी आहे, हे आधी बघायचं. ती उणीव कोण भरून काढेल, याचा शोध मग घ्यायचा. चवीचा विचार त्यानंतर. वाई-पाचगणीच्या परिसरात हंगामी फळांचे जॅम करून विकताना माझं मत पक्कं होत गेलं, की जोडीला घेतलेल्या पदार्थाला बाटलीत काहीतरी काम असलं पाहिजे. निव्वळ नवलाईची चव लोक एकदा हौसेनं घेतात, पुन्हा मागत नाहीत.

हे काम म्हणजे काय, ते समजायला जॅम घट्ट कसा होतो हे थोडं बघावं लागेल. फळाच्या पेशींच्या भिंतींत पेक्टिन असतं. १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते वेगळं ओळखून त्याचं वर्णन केलं. फळ शिजलं की पेक्टिनचे लांबलांब धागे रसात उतरतात. त्या धाग्यांवर सारखाच विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत राहतात. आंबटपणा हा भार कमी करतो आणि साखर भोवतालचं पाणी धरून ठेवते, तेव्हा कुठे धागे जवळ येऊन त्यांची जाळी विणली जाते. पेक्टिन पुरेसं, पीएच तीनच्या आसपास आणि विरघळलेले घन पदार्थ साधारण ६५ टक्के, असं जमलं की जॅम बसला. आपल्याकडच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही जॅमसाठी हाच ६५ टक्क्यांचा किमान आकडा धरलेला आहे. ‘साखर निम्मी करून द्या ना’ असं प्रेमानं सांगणाऱ्या ग्राहकांना मी हेच समजावते, की साखर इथे गोडीइतकीच टिकण्यासाठी आहे. निम्म्या साखरेत फळ शिजवता येतं आणि ते छानही लागतं. पण ते फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवायचं, कपाटात ठेवायचं नाही.

आता आमची स्ट्रॉबेरी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंग आणि वास यांत तिचा हात धरणारं फळ या डोंगरात दुसरं नाही, पण पेक्टिनच्या बाबतीत ती गरीबच. जितकी पिकलेली, तितकी अधिक गरीब. मग बाजारातली पेक्टिन पावडर घालतात, नाहीतर जॅम घट्ट होईपर्यंत आटवत बसतात. आटवण्यात दुहेरी नुकसान आहे. लाल रंग विटकरी होतो आणि फार वेळ उकळल्यानं असलेलं पेक्टिनही तुटत जातं.

स्ट्रॉबेरीच्याच हंगामात, महाशिवरात्रीच्या सुमाराला, मंडईत कवठं येतात. उपासाच्या दिवशी गूळ घालून केलेली कवठाची चटणी आपल्या घरांत नवी नाही आणि कवठाची जेलीही अनेक घरांत होते. ही जेली बाहेरून काही न घालता इतकी छान थरथरते, याचं कारण म्हणजे कवठातलं भरपूर पेक्टिन. शिवाय त्याचा स्वतःचा आंबटपणा. म्हणजे स्ट्रॉबेरीला हवं ते दोन्ही कवठाकडे आहे आणि दोघांचा हंगामही एकत्र येतो. इतकी सरळ जोडी दुकानातल्या बाटल्यांत मला कुठे दिसली नाही.

कृती सांगते. पिकलेलं कवठ फोडून गर काढायचा, तो बुडून वर बोटभर पाणी येईल इतकं पाणी घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचा आणि मलमलच्या फडक्यात बांधून टांगून ठेवायचा. फडकं पिळायचं नाही. पिळलं तर रस गढूळ होतो आणि तुरटपणाही उतरतो. एक किलो स्ट्रॉबेरीला पाऊण किलो साखर लावून ती रात्रभर झाकून ठेवायची. साखर फळातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे सकाळी वेगळं पाणी लागत नाही आणि फळाचा आकारही टिकतो. सकाळी हे सगळं स्टीलच्या रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात मोठ्या आचेवर चढवायचं, साखर पूर्ण विरघळली की कवठाचा वाटीभर रस घालायचा आणि ढवळत राहायचं. पातेलं रुंदच हवं, कारण पाणी लवकर उडालं तर फळ कमी शिजतं. याच कारणासाठी मी एका वेळी दोन-तीन किलोंपेक्षा जास्त फळ घेत नाही. किलोभर स्ट्रॉबेरीचा साधारण सव्वा किलो जॅम होतो. यापेक्षा फार कमी भरला तर तो जास्त आटला असं समजावं.

जॅम झाला हे कसं ओळखायचं? पुस्तकं १०५ अंश सेल्सिअस सांगतात. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. रत्नागिरीत तो चालेल. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे पाणीच पंचाण्णव-शहाण्णव अंशांना उकळतं. तिथे १०५ ची वाट बघणाऱ्याच्या पातेल्यात शेवटी चिक्कीचा पाक उरेल. म्हणून आधी त्याच थर्मामीटरनं आपल्या गावचं उकळतं पाणी मोजावं आणि त्यावर चार-पाच अंश धरावेत. विरघळलेले घन पदार्थ मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर असेल तर उत्तमच. नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवलेल्या बशीवर थेंबभर जॅम टाकून मिनिटभरानं बोटानं सरकवायचा. वर सुरकुती पडली की गॅस बंद.

कवठामुळे स्ट्रॉबेरीला खालून एक मातकट, खोल आंबट चव मिळते. त्यावर भरडलेली काळी मिरी गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी घालते. मिरीचा तिखटपणा उकळण्यात टिकतो, पण सुगंध वाफेबरोबर जातो, म्हणून ती आधी घालण्यात अर्थ नाही.

वेगळ्या चवींसाठी मला परदेशी पुस्तकांपेक्षा आपली जेवणाची ताटं आणि हातगाड्या अधिक उपयोगी पडल्या. हातगाडीवाला पेरूला तिखट-मीठ लावून देतो, तेव्हा त्यानं जोडी सिद्ध करून ठेवलेलीच असते. पेरूत पेक्टिन भरपूर, गोव्यातली पेराद, म्हणजे पेरूची वडी, त्यावरच उभी आहे. त्यात लिंबाचा रस आणि शेवटी थोडी सुकी लाल मिरची एवढंच पुरतं. गोव्यात आणि कोकणात पिकलेल्या आंब्याचं सासव करतात, आंबा, नारळ, गूळ आणि वाटलेली मोहरी. ते खाल्लेल्याला आंबा-मोहरी जॅमचं नवल वाटणार नाही. यात अडचण मात्र खरी आहे. मोहरीचा झणका ती कुटून थंड पाण्यात भिजवल्यावर तयार होतो आणि उष्णतेनं उडून जातो. चव राखायची तर कच्ची मोहरी गार जॅममध्ये कालवावी लागेल, म्हणजे तयार जॅममध्ये पाणी आणि जंतू दोन्ही घालणं आलं. मी मोहरी भिजवून त्यात लिंबू पिळते आणि शेवटच्या उकळीत टाकते. झणका पुष्कळसा जातो, मोहरीचा वास राहतो. विकायच्या बाटलीत याहून पुढे जायची माझी तयारी नाही.

अननसाबरोबर तिरफळ. बांगड्याच्या कालवणातलं हे तिरफळ गोड पदार्थात घालायचं म्हटलं की कोकणातले लोक आधी बिचकतात. पण त्याचा वास लिंबाच्या सालीच्या जवळ जातो आणि जिभेला हलकी झिणझिणी येते, ती अननसाच्या गोडीला फार शोभते. आतलं काळं बी काढून फक्त सुकी सालं घ्यायची, पुरचुंडीत बांधून उकळीत सोडायची आणि भरण्याआधी काढून टाकायची. अननसातही पेक्टिन कमी, तिथे पेरूचा रस मदतीला येतो. पुदिना, तुळस, गवती चहा यांनाही पुरचुंडीच. हिरवं पान बाटलीत तरंगताना सुंदर दिसतं, पण थोड्याच दिवसांत ते काळवंडतं.

अंजिराबाबत जरा कडक बोलते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, बडीशेपेबरोबर त्याचा जॅम अप्रतिम होतो. पण अंजीर मुळात फारच कमी आंबट, त्याचा पीएच पाचच्याही वर असतो. लिंबाशिवाय तो बाटलीबंद करणं धोक्याचं आहे. लसूण, कांदा, ओली मिरची घालून ‘चटपटीत जॅम’ करणाऱ्यांनाही हेच सांगेन. हे पदार्थ आंबटपणा खाली ओढतात. पीएच ४.६ च्या वर गेला की हवाबंद बाटलीत बोट्युलिझमच्या जंतूला वाट मिळते. पीएच मीटर विकत घ्या, अंदाजावर राहू नका.

सीताफळाला मात्र मी हात लावत नाही. त्याचा गर तापला की कडवट होतो आणि त्या कडूपणाला झाकणारी कुठलीही जोडी मला मान्य नाही. ते फळ तसंच खावं.

बाटली भरण्याकडे लोक शेवटचं, कंटाळवाणं काम म्हणून बघतात, त्याचं वाईट वाटतं. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलेली काचेची बाटली गरम असतानाच भरायची, जॅम ८५ अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. गार बाटलीत उकळता जॅम ओतला तर काच तडकते. स्ट्रॉबेरीचे तुकडे वर तरंगत असतील तर पाच मिनिटं थांबून, हलकं ढवळून मग भरायचं. काठाखाली पाव इंच जागा सोडायची, काठ स्वच्छ पुसायचा, झाकण लावून बाटली दोन मिनिटं उलटी ठेवायची म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. गार होताना आत पोकळी तयार होऊन झाकणाचा मधला फुगवटा खाली बसतो. न बसलेली बाटली विकायची नाही, घरी खायची. जुनी बाटली धुऊन वापरता येते, जुनं झाकण नाही. त्याच्या आतल्या मऊ अस्तरात लोणच्याचा वास वर्षानुवर्षं राहतो आणि एकदा दबलेलं अस्तर पुन्हा नीट बसत नाही. अडीचशे ग्रॅमपेक्षा मोठी बाटली मी घेत नाही, कारण वेगळ्या चवीचा जॅम घरात सावकाश संपतो आणि उघडल्यावर त्याचं आयुष्य दिवसांत मोजायचं असतं.

लेबलवर चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरवी खूण, वजन, तारीख, बॅच हे असतंच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असतात आणि तिथे माझा एक आग्रह आहे. जोडीदाराचं नाव फळाइतक्याच मोठ्या अक्षरात हवं. ‘स्ट्रॉबेरी’ ठळक आणि ‘कवठ’ कोपऱ्यात बारीक, असं केलं तर पहिल्या घासाला माणूस दचकतो आणि जॅम बिघडला असं समजतो.

हा अंक हातात पडेल तेव्हा कवठाला अजून वेळ असेल. पण अंबाडीची लाल बोंडं बाजारात येऊ लागतील आणि त्यापाठोपाठ स्ट्रॉबेरीचा पहिला बहर. बोंडांतही आंबटपणा भरपूर, पेक्टिनही बऱ्यापैकी, वर रंग फुकटचा. किलोभर स्ट्रॉबेरीला बिया काढलेली दोन मुठी बोंडं घ्या, अगदी थोड्या पाण्यात शिजवून गाळा आणि कवठाच्या रसाच्या जागी तो रस घाला. बशी मात्र आधीच फ्रीजरमध्ये ठेवा.