सुमनची कळशी

आपल्याकडे माणूस जुन्या कपड्यांतच संसारात पाऊल टाकतो. बाळाला पहिले झबले कोरे घालीत नाहीत. कुणातरी धडधाकट पोराच्या अंगावरचे, धुऊन धुऊन मऊ झालेले मागून आणतात. दुपटे आजीच्या लुगड्याचे. पुढे थंडीत जी गोधडी मिळते तिच्यात आईचे पातळ, आत्याचा परकर, वडिलांचा सदरा असे सारे घर थराथराने शिवलेले असते. तेव्हा जुन्याचे आपल्याला वावडे आहे असे कुणी म्हणू नये. वावडे असलेच तर त्याच्या वाटेचे असते. ते कुणाच्या हातून आणि कोणत्या शब्दांसकट घरात आले, याचे.

आमचे कुटुंब करमाळ्याकडचे. वडील बांधकामाच्या कामावर पुण्यात आले आणि इथेच राहिले. आई चार घरची धुणीभांडी करते. दिवाळीआधी त्या घरांचे माळे झाडले जातात आणि संध्याकाळी आईची पिशवी फुगून येते. त्या बायका मनाने वाईट नाहीत; पण "घेऊन जा गं, नाहीतर टाकूनच द्यायचंय," हे वाक्य फ्रॉकच्या घडीत बसून आमच्या दारापर्यंत येते. माझी धाकटी बहीण चिंगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. तिने एकदा आईला विचारले, "त्यांना नको झालं म्हणून हे माझं का?" आई काही बोलली नाही. मी ते वाक्य अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. तिथे ते शोभलेही.

२०२५ च्या दिवाळीत 'कमवा व शिका' योजनेतले थोडे पैसे हाती होते. भाऊबीजेला चिंगीला अचानक भातुकली द्यायची, तीही पितळेची, असे मनाशी ठरविले. तुळशीबागेत गेलो. दुकानदाराने बंब, जाते, शेगडी, सोऱ्या असा तो बोटभर उंचीचा संसार काचेवर मांडला आणि किंमत सांगितली. "आईला घेऊन येतो," म्हणून मी बाहेर पडलो. (आपल्यापैकी कित्येकांची आई अशी दुकानाच्या दारात उपयोगी पडली असेल!) प्लॅस्टिकची भातुकली स्वस्तात मिळत होती, पण चिंगीच्या हाती प्लॅस्टिक संक्रांतीपर्यंत टिकत नाही.

मग आठवला जुना बाजार. माझी स्वतःची पाठ्यपुस्तके अप्पा बळवंत चौकातली, कुणा अनोळखी विद्यार्थ्याने रेघा मारलेली. त्या रेघांनी मला परीक्षेत हातच दिला आहे. तेव्हा लाज वाटण्याचे कारण नव्हते. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी सकाळीच गेलो. जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्र्यांवर कुलपे, बिनकुलपांच्या किल्ल्या, पंख्यांची पाती, ग्रामोफोनच्या तबकड्या, एकेकटे बूट. दोन तास फिरल्यावर एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या गोणपाटावर समया-तांब्यांच्या ढिगात तळाशी ती सापडली. कळशी, दोन पातेली, परात, पळी, झाकणी आणि एक पोचा आलेला तांब्या. सारे काळेठिक्कर. पितळेचे एक बरे असते, त्याला मरण नाही. प्लॅस्टिक जुने झाले की कचरा; पितळ जुने झाले तरी मोडीच्या भावाने का होईना तराजूत चढते, आणि चिंचेने घासले की पुन्हा लखलखते.

कळशीच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे कोरली होती : 'सुमन १९६८'. भांड्यावर नाव घालण्याची आपली जुनी रीत. कुणीतरी हौसेने लेकीच्या खेळण्यावरही घातले होते. माझी नजर ओळखून म्हातारबाबा म्हणाले, "नाव नको असंल तर कानशीनं घासून देतो. कुणाला कळायचं न्हाई." मी नको म्हटले. घासल्यावर खरवडल्याची जी खूण उरली असती ती नावापेक्षा जास्त बोलली असती. सात नगांचे साडेचारशे देऊन घरी आलो.

आई म्हणाली, "पैसे मोजून दुसऱ्याचंच आणलंस व्हय? मला सांगितलं असतंस तर मागून आणलं असतं की."

"मागून नको होतं," मी म्हणालो.

आई थोडा वेळ गप्प राहिली. रात्री चिंगी झोपल्यावर तिने चिंच भिजत घातली. दिवसभर चार घरची भांडी घासून आलेली माझी आई मोरीत बसून ती अंगठ्याएवढी भांडी घासू लागली. कळशीत बोट जाईना, तेव्हा काडीला चिंधी गुंडाळली. मी घासतो म्हटले तर ऐकेना. "कुणाच्या तरी लेकीचं हाय," ती म्हणाली, "जपून ठेवलेलं दिसतंय." मग सगळे ज्वारीच्या डब्यात लपविले.

भाऊबीजेला चिंगीने ओवाळले. दहाच्या नोटेची तिची अपेक्षा होती. मी तबकात कळशी ठेवली. निरांजनाच्या उजेडात ती अशी चमकली की चिंगी कुंकू लावलेले बोट तसेच धरून पाहात राहिली. मग तेच बोट अक्षरांवरून फिरले. "सु... म... न. दादा, सुमन कोण?"

"जिची ही आधी होती ती. आता आजी असेल."

"तिला नको झाली?"

पुन्हा तोच प्रश्न. आई माझ्याकडे पाहात होती. मी म्हणालो, "ते मला ठाऊक नाही. मला हवी होती. शोधून आणली."

"किती शोधलीस?"

"सगळा बाजार."

"सगळा?" तिने डोळे मोठे केले आणि कळशी छातीशी धरली.

आता दर दुपारी आमच्या दारात स्वयंपाक होतो. "आंबट घालू नकोस गं, कल्हई न्हाई, कळकंल," असे आई आतून ओरडते. चिंगी एक पान जास्तीचे मांडते, ते सुमनआजीचे. आणि तिला आता कळशीवर स्वतःचेही नाव हवे आहे, सुमनच्या खाली. तेवढी जागा आहे, मी मोजली. पण हल्ली नावे यंत्राने घालतात, आणि इतक्या लहान भांड्यावर ते चालत नाही, असे दोन दुकानांत सांगितले. तिसरे दुकान येत्या रविवारी पाहायचे आहे.