कुंटाल्याच्या पायऱ्या

पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले तरी यवतमाळकडची काळी जमीन आणि कपाशी संपत नाही. बाजारात मराठीही कानी पडत राहते. प्रदेश बदलल्याची जाणीव होते ती निर्मळच्या वाटेवर. सागाचे रान दाटू लागते, रस्ता चढउतार घेतो आणि नेरडिगोंड्याहून आत वळले की कडम नदीवरचा कुंटाला धबधबा गाठता येतो. सुमारे १५० फुटांवरून नदी टप्प्याटप्प्याने खाली झेपावते. तेथवर जाण्यास चारशेच्या वर पायऱ्या आहेत.

रोज पहाटे धावण्याचा माझा परिपाठ अनेक वर्षांचा. सपाटीवर गुडघा थोडा कुरकुरे, एवढेच. पण त्या पायऱ्या निम्म्या उतरतो न उतरतो तोच गुडघ्याच्या वाटीमागे अशी कळ उठली की कठडा धरून उभा राहिलो. मंडळी पुढे गेली. मी धबधबा ऐकला, पाहिला नाही. चढताना मात्र त्रास जवळजवळ झाला नाही, याचेच नवल वाटले.

त्याचा उलगडा पुढे फिजिओथेरपिस्टने केला. चढण छाती दमवते. उतरणीला मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणले जात असतानाच सारे शरीर तोलावे लागते आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. त्यात मांड्या व पोटऱ्या आखडलेल्या, कमरेलगतचे स्नायू दुबळे. मग पाऊल टेकताच गुडघा आत झुकतो. दुखणे गुडघ्यात, पण कारणांचा शोध वरखालीही घ्यावा लागतो. धावणे सुटणार, या भीतीने मी महिनाभर ते अंगावर काढले होते. तो शुद्ध हट्ट होता.

त्याच पौषात इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला नागोबाच्या जत्रेस गेलो. गोंडांच्या मेस्राम कुळातील लोक जन्नारमकडून गोदावरीचे पाणी घेऊन अनवाणी चालत येतात आणि पौष अमावास्येच्या रात्री पूजा होते. पांढऱ्या वस्त्रांतील ती माणसे मी रस्त्याकडेला उभा राहून पाहिली. त्यांचे गुडघे दुखत नसतील असे मी म्हणणार नाही. विचारण्याची ती वेळही नव्हती. नजरेत भरली ती त्यांची आखूड पावले. मी मात्र लांब टांगा टाकून धावण्यात भूषण मानीत आलो होतो! अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखविले होते की, वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढविली, म्हणजे पाऊल आखूड केले, तर गुडघ्यावरील भार कमी होतो.

मग अंतर निम्मे केले, पाऊल आखूड केले. धावण्यापूर्वी दहा मिनिटे चालणे. धावून आल्यावर मांडी व पोटरी अर्धा-अर्धा मिनिट ताणून धरणे, हिसका न देता. एक दिवसाआड कुशीवर निजून पाय उचलणे आणि भिंतीला पाठ टेकून अर्धे बसणे. हे शेवटचे घरच्यांच्या करमणुकीचा विषय झाले. गुडघा सुजला, अडकला किंवा रात्री ठणकू लागला, तर मात्र असले उपाय बाजूस ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

पुढच्या श्रावणात पुन्हा कुंटाल्यास गेलो. प्रत्येक पायरीवर दोन्ही पावले टेकवीत, मागच्यांना वाट देत उतरलो. गुडघा बोलला, पण ओरडला नाही. डोहात अनेक जण बुडाले आहेत, म्हणून पाण्यापासून दूरच्या खडकावर बसलो. तुषार तेथवर येत होते.